थोरलीच्या हातची भाजी

थोरली वाईट बाई नव्हती. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे ती जे करणार आहे ते ऐकून तुम्ही तिला नावं ठेवाल. बावीस वर्षं त्या घरात राबली बिचारी. खाली पुस्तकबांधणीचा कारखाना, वर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, मधे चौदा पायऱ्यांचा लाकडी जिना. खाली सासरे, नवरा आणि ती असे तिघं मिळून कागद दुमडायचे, शिवायचे, पुठ्ठे चिकटवायचे. जेवायला धाकटा दीर धरून चौघं आणि रांधायला मात्र ती एकटी. ह्या हिशेबाबद्दल कधी कोणी चर्चा केली नाही.

सासरे कमी बोलायचे. कमी म्हणजे किती, तर लग्न होऊन आल्यावर त्यांनी तिला पुठ्ठे चिकटवायची खळ शिजवायला शिकवली तीसुद्धा खुणांनीच. मैदा पाण्यात कालवायचा, कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद टाकायचं आणि मंद आचेवर ढवळत राहायचं. हात थांबला की गाठी झाल्याच म्हणून समजा. दीड वर्ष ती रोज खळ करत होती आणि दीड वर्ष ते रोज थोडी खळ दोन बोटांत धरून ताणून बघत, "हं" म्हणून पुढच्या कामाला लागत होते. मग एका सकाळी त्यांनी बोटं ताणली आणि म्हणाले, "जमली."

बस्स, एवढंच. पण थोरली त्या दिवशी चौदा पायऱ्या दोन-दोन करून चढली होती.

तेव्हापासून तिच्या मनात एकच होतं. हा शब्द आपल्याला जेवणाबद्दल ऐकायचाय. एकदाच, पण ऐकायचाय. बावीस वर्षांत तो आला नाही. बटाटा आणि कांदा घरात कायम पडलेले असायचे, पटकन व्हायचे, म्हणून आठवड्यातले पाच दिवस तीच भाजी. खाली शेगडीवर खळ, वर शेगडीवर कढई. कांदा तेलात टाकायचा, मीठ घालायचं, धावत खाली जाऊन खळ ढवळायची. वर येऊन बटाटे टाकायचे, मीठ घालायचं, झाकण ठेवून पुन्हा खाली. डोळे मिटून केलं असतं तरी हात चुकला नसता. सासरे जेवायचे, तीन पेले पाणी प्यायचे आणि उठायचे. त्या घरात पाणी सगळेच भरपूर प्यायचे. थोरलीला त्याचा अभिमान होता, पाण्याची कळशी ती कधी रिकामी राहू द्यायची नाही.

मग धाकट्या दिराचं लग्न झालं आणि धाकटी आली. आधी चष्म्याच्या दुकानात काम करायची. नाकीडोळी नीटस, बोलायला गोड, "ताई, हे मी करू?" "ताई, तुम्ही बसा ना." तीन महिने थोरलीनं तिला स्वयंपाकघरात भांडी विसळण्यापलीकडे काही करू दिलं नाही. पण शाळा उघडायच्या आधी वह्यांचं मोठं काम आलं. नवरा म्हणाला, "तुझ्यासारखी शिलाई कुणाची नाही. तू खालीच बस. स्वयंपाक बघेल ती." स्तुती करून माणसाला स्वयंपाकघरातून बाहेर काढायची ही पद्धत नवऱ्यांना कोण शिकवतं, देव जाणे.

नवव्या दिवशी ते झालं. धाकटीनं बटाट्या-कांद्याची भाजी केली होती, सालासकट, कांदा जाडजाड चिरलेला. सासऱ्यांनी घास घेतला, चावला, जरा थांबले.

"जमली," म्हणाले.

थोरलीच्या अंगाची लाही लाही झाली. नवव्या दिवशी! अहो, नऊ दिवसांत तर नवीन चप्पलसुद्धा पायाला बसत नाही! हिनं असं काय केलं? धाकटी "थँक्यू बाबा" म्हणून हसली, आणि ते हसणं इतकं साधं होतं की थोरलीला त्याचाही राग आला. दुपारी शिवताना दाभण दोनदा बोटात गेलं. ज्या वहीवर रक्ताचा ठिपका पडला, ती तिनं गुपचूप ढिगाच्या तळाशी सरकवली.

दुसऱ्या दिवसापासून ती दहाव्या पायरीवर उभी राहून चोरून बघायला लागली. काहीतरी युक्ती असणार, माहेरून आणलेली एखादी पूड असणार. कसलं काय! कांदा, बटाटा, तेल, मीठ, शेवटी मिरीपूड. फरक एवढाच की ही बया कढईपुढून हलत नव्हती. गुणगुणत उभी. कांदा सावकाश गुलाबी होतोय, हिची मान सावकाश डोलतेय. थोरली मनात म्हणाली, मला एक दिवस असं उभं राहायला मिळालं असतं तर मीही दाखवलं असतं! आणि ते खोटं नव्हतं.

हेही एक वेळ तिनं गिळलं असतं. पण वह्यांचं काम संपत आलं तसा नवरा म्हणाला, "मी काय म्हणतो, स्वयंपाक आता तिच्याकडेच राहू दे. बाबांनाही आवडतंय. तुझी जिन्याची धावपळ तरी वाचेल."

"अहो, मग मी काय करू?"

"शिव की," तो म्हणाला. त्याच्या मनात काही नव्हतं, आणि हेच तर वाईट होतं. उद्यापासून कढई धाकटीची, शेगडी धाकटीची, बाबांचं ताटही धाकटीचं. आपण खालच्या बाकावर, दाभण घेऊन, मरेपर्यंत.

वह्यांच्या कामाच्या शेवटच्या दिवशी दुपारी ती पाणी प्यायला वर आली. कढईत भाजी तयार होती, झाकण घातलेली. धाकटी गच्चीत वाळलेले कपडे काढायला गेली होती. थोरलीनं झाकण उचललं. वास छान होता, म्हणूनच तिचा हात मिठाच्या बरणीत गेला. मूठभर नाही हो, एवढी काही ती राक्षसीण नव्हती. बटाट्यात आपण रोज घालायचो तेवढंच घातलं, ढवळलं आणि झाकण ठेवलं. आणि ती जिना उतरली. आता बघू या कशी 'जमली' ते!

पाचही जण जेवायला बसले. धाकटीनं पहिला घास घेतला आणि तिचा हात थबकला. तिनं कढईकडे पाहिलं, मिठाच्या बरणीकडे पाहिलं, बरणीचं झाकण तिरकं बसलं होतं. मग तिनं थोरलीकडे पाहिलं. थोरली पोळी बारीक बारीक तोडत बसली, जणू आयुष्यात दुसरं काही काम नव्हतं.

सासऱ्यांनी घास घेतला. चावला. पाण्याचा पेला उचलून अर्धा रिकामा केला. थोरलीचा जीव कानात गोळा झाला.

"आज थोरलीनं केली होय?" सासरे म्हणाले. "किती दिवसांनी." आणि वाटी पुढे केली. "घाल अजून."

"तरीच!" नवरा हसून म्हणाला. "म्हटलं आज इतकं पाणी का लागतंय."

दीर मुकाट्यानं कळशीकडे हात लांबवत होता. कुणी चिडवत नव्हतं, कुणी तक्रार करत नव्हतं. थोरलीच्या डोळ्यांपुढून कांदा गेला, मीठ गेलं, चौदा पायऱ्या गेल्या, खळ गेली, पुन्हा चौदा पायऱ्या, बटाटे आणि पुन्हा मीठ. बावीस वर्षं! बावीस वर्षं ह्या माणसांनी दुप्पट मीठ खाल्लं, वर पाणी प्यायलं आणि एका शब्दानं बोलली नाहीत. आणि हा म्हातारा वाटी पुढे करून तेच मागतोय. तिला हसावं की तोंड लपवावं कळेना.

आता धाकटी बोलणार. बोलायलाच हवं, तिच्या जागी आपण असतो तर घर डोक्यावर घेतलं असतं. थोरलीनं मान खाली घातली.

"हो बाबा," धाकटी म्हणाली आणि त्यांची वाटी भरली. "आज ताईंनीच केली. मी नुसती हलवली."

असं म्हणून तिनं स्वतःच्या ताटातली ती खारट भाजी शेवटच्या घासापर्यंत संपवली, आणि तीन पेले पाणी प्यायली. अगदी ह्या घरातल्यासारखी.

थोरलीला रडू आलं. आणि त्या रडण्यातही पोटात जळजळ उठलीच, कारण इतकं मोठं मन, तेसुद्धा नव्या नवरीच्या तीन-चार महिन्यांत, हिला जमलं कसं?

तिनं नाक पुसलं आणि कळशी धाकटीकडे सरकवली.

"उद्या आपण दोघी करू," ती म्हणाली. "मीठ तू घाल. मी नुसती उभी राहते."