जयश्री तळ्यावर गेली तो शनिवार

ताप्तीकाठच्या शहरातल्या लोधीपुऱ्यात जयश्रीला फार मान होता. तिचा नवरा समाधान केळीचा ट्रक घेऊन दिल्लीकडे जायचा, तो आठ-आठ दिवस घरी नसायचा. सासू सोजरबाईला लकवा मारून डावी बाजू लुळी पडली होती. तिला उठवणं, पुसणं, कूस बदलणं, वेणी घालणं सगळं जयश्रीच करायची. माहेरच्या लग्नालाही ती अक्षता पडल्या की परत फिरायची. गल्लीतल्या बाया आपापल्या सुनांना म्हणायच्या, "जयश्रीकडे पाहा जरा."

वरच्या खोलीत हिमानी नावाची तरुण शिक्षिका भाड्याने राहायची. तिला पक्षी बघायचा नाद होता. जानेवारीतल्या एका संध्याकाळी जयश्री गच्चीवर कपडे काढत होती, तेव्हा हिमानीने तिच्या हातात दुर्बीण दिली. "भाभी, जल्दी! ताप्तीकडे बघा."

बदकांची एक लांब रांग नदीवरून चालली होती. दुर्बिणीत त्यांचे पंख वरखाली होताना दिसले, पुढे ताणलेल्या माना दिसल्या. नुसत्या डोळ्यांनी पाहिलं तर काळे ठिपके. जयश्री दुर्बीण लावत राहिली, काढत राहिली.

"कुठे चाललेत हे?"

"डोईफोडिया गावाच्या पुढे तळं आहे. वनखात्याने पक्ष्यांसाठी राखलंय. हिमालयाच्या पलीकडून येतात, भाभी! शनिवारी मला सुट्टी आहे. चलो ना मेरे साथ."

"आत्याबाईंना कोण बघेल?" सासूला ती आत्याबाई म्हणायची. विषय तिथेच संपला असं हिमानीला वाटलं.

जयश्रीच्या डोक्यातून मात्र तो गेला नाही. सोजरबाईला सरळ विचारलं असतं तर ती कदाचित हो म्हणाली असती. पण पक्षी बघायला जाते, हे वाक्य जयश्रीच्या तोंडून निघेना. सासू अंथरुणाला खिळलेली आणि सून फिरायला चालली, असं तिचं तिलाच ऐकू यायचं. मग तिने दुसरंच केलं. गुरुवारी इतवाऱ्याच्या बाजारातून सासूचं औषध आणलं आणि पिठाच्या डब्यामागे लपवून ठेवलं. शुक्रवारी रात्री सांगितलं, "आत्याबाई, तुमच्या गोळ्या संपत आल्या. उद्या सरकारी दवाखान्यात जाते. रांग असते, उशीर होईल."

"जा बाई. मही काळजी नको करू," सोजरबाई म्हणाली.

एरवी जयश्री कुठे जाताना शेजारच्या रंजिताला लक्ष ठेवायला सांगायची. पण रंजिताची नणंद दवाखान्यातच आया होती. 'तू कशाला जातेस, ती आणून देईल,' असं रंजिता म्हणाली असती. म्हणून त्या दिवशी जयश्रीने तिला काही सांगितलंच नाही. सासूच्या चांगल्या हाताशी पाण्याचा तांब्या ठेवला, ताटलीत खिचडी झाकून ठेवली, दार ओढून घेतलं आणि गल्लीच्या तोंडाशी हिमानीच्या स्कूटीवर बसली.

तळ्यावर पोचल्या तेव्हा पाण्यावर धुकं होतं. आधी फक्त आवाज आले, कलकल, फडफड, मधूनच एक लांब हाक. मग धुकं विरत गेलं आणि तळं भरलेलं दिसलं. नारिंगी अंगाचे चक्रवाक जोडीजोडीने बसले होते. फावड्यासारख्या चोचीचे थापटे पाणी गाळत गोल गोल फिरत होते. काठाच्या चिखलात लाल काडीपायांचे शेकाटे जपून पावलं टाकत होते. जयश्री बांधावर बसली ती उठेचना. सोबत आणलेली पोळी पदरात तशीच राहिली. कितीतरी वर्षांनी तिला कुणी हाक मारत नव्हतं.

ऊन चढल्यावर हिमानी म्हणाली, "निघू या का, भाभी? तुम्हाला उशीर होईल."

तेवढ्यात तळ्याचा राखणदार भाईदास म्हणाला, "थांबा थोडं. शेतात चरायला गेलेले हंस आता पाण्यावर येतील. डोक्यावर काळे पट्टे असतात त्यांच्या."

"थांबू," जयश्री म्हणाली. हिमानीने पुन्हा विचारलं तेव्हाही तिने थांबू म्हटलं.

हंस आले. एका मागून एक थवे आकाशातून गिरक्या घेत उतरले आणि पाय पुढे करून पाण्यावर घसरत गेले. जयश्री मोठ्याने हसली. आपलं हसू ऐकून तिलाच चमकल्यासारखं झालं.

घरी पोचली तेव्हा दुपार कलली होती. दार उघडलं तर सोजरबाई जमिनीवर पडलेली. तांब्या कलंडून सगळं पाणी सांडलं होतं. तहान लागली म्हणून ती माठाकडे सरकायला गेली आणि पलंगावरून पडली. उजवा हात अंगाखाली सापडला होता. तेवढाच तिचा एक हात चालत होता.

"हाका मारल्या गं," ती म्हणाली. "कुणाला आयकूच गेल्या नाही."

मनगट मोडलं होतं. त्याच दवाखान्यात प्लास्टर झालं. आता सोजरबाईला पाण्याचा पेलाही धरता येईना. जयश्री तिला घास भरवू लागली.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकीला सोजरबाई सांगायची, "बिचारी मह्या गोळ्यांसाठी दिवसभर उपाशी उभी होती रांगेत. अशी सून मिळत नाही." बाया जयश्रीकडे कौतुकाने बघायच्या. ती चहाचं निमित्त करून आत जायची. रंजिता तेवढी एकदा म्हणाली, "मला का नाही सांगितलं? मी बसली असती ना."

समाधान आला. आईचा हात बघून त्याचा चेहरा उतरला. पण जेवताना तो जयश्रीला म्हणाला, "तू हाय म्हणून मी गाडी चालवू शकतो." त्या रात्री जयश्री अर्ध्या ताटावरून उठली.

दुसऱ्या दिवशी समाधान पुन्हा ट्रकवर गेला. दुपारी सासूला वरणभात भरवताना जयश्री अचानक म्हणाली, "आत्याबाई, मी दवाखान्यात नव्हते गेले."

मग तिने सगळं सांगितलं. तळं, आधीच आणलेलं औषध, हिमानी निघू म्हणत असताना आपण थांबलो, तेही. पुढे केलेला घास तिच्या हातात तसाच होता. सोजरबाईने तोंड मिटलं आणि भिंतीकडे वळवलं.

दोन दिवस ती बोलली नाही. जेवायची, पण डोळे मिटून. तिसऱ्या दिवशी तिने विचारलं, "समाधानला सांगितलं?"

"नाही."

"त्याला तूच सांग. मी नाही सांगणार. आणि लोकांजवळ मी आता तुहं नाव घेणार नाही."

जयश्रीने फोनवर सांगितलं. पलीकडे इंजिनाचा आवाज येत होता. "गाडी चालू राह्यली, नंतर बोलू," समाधान म्हणाला. घरी आला तेव्हा पुष्कळ दिवस तिच्याशी कामापुरतंच बोलला. एकदा न राहवून म्हणाला, "जायचं होतं तर सांगून जायचं ना. मी काय नाही म्हटलं असतं?"

प्लास्टर निघालं. हाड जरा वाकडंच बसलं होतं. सोजरबाईला चमचा धरता येई, भाकरी मोडता येईना. जयश्री रोज तिची भाकरी कुस्करायची, तिच्याकडे न बघता. हिमानीने दुर्बीण पुढे केली की ती मान हलवायची. गच्चीवर गेली तरी खाली बघून कपडे काढायची.

पुढच्या थंडीत एकदा सोजरबाईने चमचा ताटलीत टाकला. "किती दिवस तू असं तोंड पाडून भाकरी कुस्करशील? मला घास गिळवत नाही. खोटं बोलली, त्याचा राग आला मला. अजून येतो कधीकधी. पण मह्या हाताचं नाव सांगून घरात बसू नको. आले का यंदा ते पक्षी?"

"माहीत नाही."

"मंग पाहून ये. रंजिताला बसव इथे."

जयश्री नाहीच म्हणत होती. शेवटी रंजिता घरी आली तेव्हा सोजरबाईनेच तिच्याशी ठरवून टाकलं.

हिमानीच्या मागे बसून ती पुन्हा तळ्यावर गेली. पक्षी आले होते. सुरुवातीला तिचं सगळं लक्ष फोनकडे होतं आणि तिथे रेंज नव्हती. वारा सुटला, एकदम सगळे चक्रवाक उडाले, तेव्हा ती क्षणभर सगळं विसरली. लगेच तिला जमिनीवर पडलेली सोजरबाई दिसली आणि डोळे भरून आले. तिने दुर्बीण खाली ठेवली. थोड्या वेळाने पुन्हा उचलली. हंसांसाठी ती या वेळी थांबली नाही.

घरी आली तर रंजिता दारात भाजी निवडत बसली होती. सोजरबाई पलंगावर जागी होती.

"होते का?"

"होते. पुष्कळ होते."

"जेवलीस?"

"नाही."

"मंग आपल्या दोघींची भाकरी काढ," सोजरबाई म्हणाली आणि सरकून तिला बसायला जागा केली.