बुजवलेली भेग

सकाळचे आठ वाजून दहा मिनिटे. लोणखेड्यातल्या नकाशांच्या कचेरीत सुनिता पावरा पडद्यावर दोन फोटो एकमेकांवर बसवत होती. दोन्ही मोलगीजवळच्या एकाच उताराचे, ड्रोनने टिपलेले. एक गेल्या आठवड्यातला, एक कालचा. दोहोंतल्या फक्त भेगा मोजून संगणक उताराला रंग देतो. तांबडा, म्हणजे दरडीचा धोका, असेल तोवर खालच्या पाड्याने रात्री आश्रमशाळेत राहायचे, दिवसा शेतापुरते यायचे. त्या पाड्यात सुनिताची आई, सोमीबाई, राहते.

गेल्या आठवड्यात चाळीस मीटरची भेग होती. आज शून्य. उतार हिरवा.

"डोंगर बरा झाला तुमचा," शेजारचा जगदीश म्हणाला. "पाड्यावर कळवलंसुद्धा मी. कंटाळले होते लोक शाळेत."

"जगदीशभाऊ, भेग अशी मिटते कधी?"

"मशीन म्हणतंय ना."

सुनिताने उंचीचे आकडे उघडले. भेगेखालची जमीन वीतभर खचली होती आणि पायथा फुगला होता.  तिने धाकट्या भावाला फोन लावला.

"जालम, वरच्या शेतातली भेग कुठं गेली?"

"बुजवली की!" जालमसिंग हसला. "लाह बोलावली, घरटी एक माणूस आला. माती भरली, वर पाला टाकला. बैलाचा पाय अडकला असता. बोकड कापला, ताई, तूच नव्हतीस."

लाहेला पाड्यात कोणी नाही म्हणत नाही. ज्याचे शेत त्याने जेवण द्यायचे, बाकीच्यांनी हात लावायचा.

"आई कुठाय?"

"घरी. हिरवं झालं ना? चूल पेटवलीय तिनं."

"बाहेर काढ तिला. सगळ्यांना काढ, आत्ता."

"उगाच घाबरवू नको—"

फोन तुटला. पुन्हा लागेना.

तिने उतार हाताने तांबडा केला, तालुक्याला कळवले आणि फोन लावत राहिली.  जगदीशचा हिरव्याचा निरोप मात्र पहिल्या झटक्यात पोचला होता.

दुपारी जालमसिंगचाच फोन आला. आवाजात हसू नव्हते. तो वर बघायला गेला तेव्हा भरलेली माती आत बसत चालली होती; तो तसाच पळत खाली आला. सगळे आता शाळेत होते. आई शेवटी निघाली, काखेत दोन कोंबड्या, तोंडात सुनिताच्या नावाने शिव्या.

"पडेल का ताई? कधी?"

"मी सांगेपर्यंत शाळेतच राहा," ती म्हणाली.

ड्रोन आता आठवड्याने नाही, रोज उडणार आहे. उद्याची वेळ सकाळी साडेसात.