कोपऱ्यातली अक्षरं

आमच्या घरातले तिन्ही कॉम्प्युटर कायदेशीर करायचं ठरलं ते भाऊ गेल्यावर. तो असता तर ती वेळच आली नसती आणि मी सुखाने बेकायदेशीर राहिले असते.

तिन्ही कॉम्प्युटर त्यानेच जोडलेले. एक माझ्या खोलीत; त्यावर मी छोट्या दुकानदारांचे हिशेब आणि जीएसटीची कामं करते. एक हॉलमध्ये, प्रिंटरसकट. अर्ध्या सोसायटीची तिकिटं, बायोडाटा आणि पोरांचे प्रोजेक्ट त्याच्यावरून निघायचे, आणि कागदाचे पैसे द्यायची कुणाला आठवण व्हायची नाही. तिसरा आईच्या खोलीत. आईसाठी त्याने पडद्यावर मोजकीच चित्रं ठेवली होती, चांगली मोठी मोठी. कीर्तन, पत्त्यांचा डाव, साताऱ्याच्या मावशीला फोन. बाकी सगळं त्याने लपवून टाकलं होतं, म्हणजे आईच्या हातून काही उडायला नको.

पण ज्याच्या जोरावर कॉम्प्युटर चालतो ती ऑपरेटिंग सिस्टीम तिन्हींवर चोरीची होती. विकत न घेता कुठून तरी उतरवलेली. ती साधारण सहा महिने गुमान चालायची आणि मग पडद्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात फिकट अक्षरं उमटायची, की ही प्रत आधी वैध करून घ्या. ती अक्षरं हटत नसत. तुम्ही काहीही उघडा, त्याच्या डोक्यावर ती आहेतच. मग आम्ही त्याला हाक मारायचो. तो अर्धवट दाढीचा फेस तोंडाला ठेवून यायचा, पेनड्राइव्ह लावायचा, उभ्या उभ्या काहीतरी टाइप करायचा, की अक्षरं गायब.

“चोरट्या,” मी म्हणायचे, “एवढा कमावतोस, एकदा विकत आण की.”

“तायडे, तू ना त्या जीएसटीच्या नादी लागून बिघडलीस. घरातल्या घरात कसलं आलंय लायसन्स?”

गेल्या दिवाळीनंतर त्याला डेंग्यू झाला. पहिल्या दिवशी आम्ही दोघी त्याला चिडवत होतो, कारण सोसायटीच्या मीटिंगमध्ये फवारणीसाठी भांडणारा तोच होता. पुढचं मला लिहायचं नाही. तो गेला. चौतीस वर्षांचा होता, लग्नाचं बघत होतो. त्याच्या ऑफिसातून एक जण आला, माझी सही घेतली आणि ऑफिसचा लॅपटॉप घेऊन गेला. चहा विचारला तर नको म्हणाला, आणि त्याला लवकर निघायचं होतं हे मला बरंच वाटलं.

होळीच्या सुमारास माझ्या पडद्यावर ती अक्षरं आली.

माझा कॉम्प्युटर त्याने गणपतीत नीट करून दिला होता. म्हणजे तो गेल्यावरही, इतके महिने, त्याने करून ठेवलेलं काहीतरी घरात चालू होतं, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. आता ते संपलं होतं. कपाटातले त्याचे शर्ट वाटून टाकताना मी रडले नव्हते. त्या दिवशी मात्र एका दुकानदाराचं रिटर्न अर्धवट टाकून बाथरूमचा नळ सोडला आणि रडून घेतलं.

मग आईला जाऊन सगळं सांगितलं. माझा गणपतीत केला होता, हॉलमधला दसऱ्याला, तुझा अगदी शेवटी, अंगात ताप असताना पांघरूण घेऊन बसला होता तेव्हा. म्हणून तुझ्यावरचं सगळ्यांत उशिरा संपेल. आई शेंगा सोलत होती. “जाईल तवा जाईल,” ती म्हणाली.

त्याचा पेनड्राइव्ह सापडला, पण त्याला पासवर्ड होता. आम्हाला सुचेल ते सगळं मी घालून बघितलं. माझं नाव, आईचं नाव, गावाचं नाव, त्याच्या पहिल्या बाइकचा नंबर. शेवटी पुढचं काम अडायला लागलं तेव्हा नेरूळ स्टेशनजवळच्या एका दुकानात गेले आणि तीन कॉम्प्युटरांसाठी लायसन्स मागितली.

दुकानदार चाळिशीचा, बोलका. “तीन? घरचेच ना मॅडम? मग टेन्शन कशाला घेताय? तुमच्या कामाच्या मशीनला ओरिजिनल टाकू. बाकी दोघांना मी पेनड्राइव्हने करून देतो, फुकटात. घरात कोण चेक करायला येतंय?”

भला माणूस होता. माझेच पैसे वाचवत होता. पण माझं डोकं असं सणकलं की दुकानातली दोन गिऱ्हाइकं वळून बघायला लागली.

“चोरी करायची तर ती घरच्या माणसाने करावी,” मी म्हटलं. “तुम्ही कोण? मला तीनच्या तीन विकत पाहिजेत. पावतीसकट.”

पावती करताना त्या बिचाऱ्याने दोनदा चष्मा पुसला. मला त्याच्यावर ओरडायचं नव्हतं. त्या तीन मशीनांवर फुकटचा हात फिरवायचा हक्क एकाच माणसाचा होता आणि तो माणूस आता उरला नव्हता, हे त्याला मी काय सांगणार?

त्याचा टेक्निशियन दुसऱ्या दिवशी घरी आला. म्हणाला, जुन्यावर नवीन टाकण्यात अर्थ नाही, आधी सगळं पुसायला लागेल. माझ्या फाइल्स त्याने बाजूला काढल्या आणि पुसलं. हॉलमधल्याचंही तेच केलं. माझा कॉम्प्युटर पूर्वीपेक्षा झपाट्याने चालायला लागला आणि मला त्याचाही राग आला. निदान थोडं अडखळायचं तरी.

आईच्या खोलीकडे तो वळला तशी आई दारात उभी राहिली. “माझ्याला हात लावू नका. चालतंय ना? मग त्यानं केलंय ते चालू द्या.”

मी टेक्निशियनला पाठवून दिलं.

तेव्हापासून आमच्या घरात एक रीतच पडली. सकाळी आईचं पूजा-पाणी झालं, की ती कीर्तन लावायची. मी स्वयंपाकघरातून चहा गाळता गाळता ओरडायचे, “त्याने केलेलं आहे का गं अजून?” ती आतून म्हणायची, “हाय.” एवढंच. मग आम्ही चहा प्यायचो. आईचं मन राहावं म्हणून मी विचारते, अशी माझी समजूत होती. खरं तर ते “हाय” ऐकल्याशिवाय माझा दिवस सुरू होत नव्हता.

मे गेला. जून गेला. हिशेब करून पोट भरणारी बाई मी, पण दिवाळीपासूनच्या सहा महिन्यांचा हा एक हिशेब मी करत नव्हते. कधी मनात यायचा, तर मीच त्याला परतवून लावायचे. आईसाठी त्याने काहीतरी वेगळं केलं असेल. आईच्या बाबतीत तो तसाच होता. आम्हाला सहा महिन्यांचं द्यायचा, तिला जन्माचं देऊन गेला असेल. शहाणीसुरती बाई मी, आणि मला ते मनापासून पटत होतं.

श्रावणात एका दुपारी आई भाजी आणायला खाली गेली होती. माझा कॉम्प्युटर नेमका अपडेटच्या घोळात अडकला, हॉलमधल्यावर शेजारची मुलगी फॉर्म भरत बसली होती, आणि मला एका माणसाचं काम तातडीने पाठवायचं होतं. आईच्या कॉम्प्युटरपुढे मी कित्येक महिन्यांनी बसले.

पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात, खाली, जखमेवर लावतात तसल्या पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा होता. कडा काळ्या पडलेल्या, त्यांच्यावर धूळ आणि हळदीची बोटं. कालची पट्टी नव्हती ती. मी नखाने एक कोपरा उचलला. खाली ती फिकट अक्षरं होती.

काम पाठवायचं राहिलं.

आई पिशवी घेऊन आत आली. मला तिथे बघून तिने पिशवी पलंगावर ठेवली, मग माझ्याकडे न बघता पदराने घाम पुसला.

“कधी आली गं अक्षरं?” मी विचारलं.

“लई दिवस झालं. उन्हाळ्यातच.”

“मग रोज मला ‘हाय’ काय म्हणत होतीस?”

“तू रोज इचारायचीस,” ती म्हणाली. “चहा गाळता गाळता. तुझा आवाज कसा असायचा तुला ठाऊक नाय. नाय कसं म्हणू?”

ती माझ्या शेजारी पलंगाच्या कडेला टेकली आणि मांडीवर हात ठेवून सांगायला लागली.

“पहिल्यांदा दिसली ना, तवा मी त्याला हाक मारली. सवयीनं. म्हनलं, अरं ये की रं, परत आलंय बघ ते. जोरात हाक मारली. तू आतनं इचारलंस, आई, कुनाशी बोलतेस? मी म्हनलं, मावशीशी, फोनवर.”

मला ती सकाळ आठवली. मी विचारलं होतं. आणि मावशी कशी आहे, असंही विचारलं होतं. आई म्हणाली होती, बरी आहे.

तो गेला तेव्हा आम्ही दोघी आळीपाळीने रडलो होतो. एक रडायला लागली की दुसरी डोळे पुसून तिला धरायची. त्या दुपारी कुणी कुणाला धरलं नाही. आम्ही दोघी एकदमच रडलो.