नवरे बदललेली यादी

माझी जाऊ शेजारच्या रिटायर कंडक्टरची बायको निघाली आणि माझा उजवा डोळा डावा झाला. सून मोबाईलमधून वाचत होती, मी ऐकत होते. "थांब," म्हटलं, "पुन्हा वाच." पुन्हा तेच. पुढची बाई वाचली, तिलाही भलताच नवरा. सुनेचं तोंड उतरलं. दुपारचे दोन वाजले होते. पाचपर्यंत यादी नांदेडच्या दवाखान्यात गेली नाही, तर शिबिरातली आमची पाळी दुसऱ्या गावाला जाणार होती.

आमचं गाव मुखेडपासून बरंच आत आहे. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी गावातल्या बायांची माहिती गोळा करायचं काम सुनेकडं होतं. त्यासाठी मोबाईलवर एक फॉर्म होता: बाईचं नाव, नवऱ्याचं नाव, कोणता डोळा, साखर आहे का, फोन नंबर. फॉर्म भरून पाठवला की त्या बाईची एक ओळ तक्त्यात जाऊन बसायची.

अडायचं ते नवऱ्याच्या नावाशी. आमच्याकडच्या म्हाताऱ्या बाया नवऱ्याचं नाव घेत नाहीत. सून विचारायची आणि बाई तोंडाला पदर लावून गप्प बसायची. म्हणून सून मला घरोघरी सोबत न्यायची. मी घेते नावं. माझा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, आता मला कुणाची भीड नाही.

"अक्का, तुम्हीच सांगा की," जाऊ म्हणाली.

"का गं, पाच लेकरं झाली तेव्हा कुठं होती ही लाज?"

"हाव, लई बोललात. सांगा आता मुकाट्यानं."

मी सांगितलं, सुनेनं भरलं. असे एकोणीस जणींचे फॉर्म झाले.

घोळ आदल्या दिवशी झाला होता. नावं अ पासून ओळीनं लावायची म्हणून सुनेनं तक्त्यातला बायांच्या नावांचा तेवढाच रकाना धरला आणि क्रम लावला. नावं वर-खाली झाली, बाकीचे रकाने जागचे हलले नाहीत. दिसायला तक्ता अगदी नीटनेटका होता, म्हणून तिला कळलंही नाही.

"आत्याबाई, आता एकोणीस घरं कवा फिरू? निम्म्या बाया कापूस वेचायला गेल्यात," म्हणत ती रडायला लागली.

"रडून काय ओळी सरळ होणार हायत? कंधारला चार दिवस हे फॉर्मचं काम शिकायला गेली होतीस ना? काय शिकवलं ते आठव."

डोळे पुसून ती मोबाईल घेऊन बसली. थोड्या वेळानं तिला आठवलं. तक्त्यात दिसते ती नक्कल, मूळ उत्तरं फॉर्मच्या आत वेगळी राहतात. तिनं फॉर्म उघडला. एकोणीसच्या एकोणीस उत्तरं आत होती, भरली त्या क्रमानं, कुणी हात न लावलेली.

मग एकेक उत्तर तिनं वाचायचं आणि मी हो म्हणायचं. नवरे सगळे जागेवर होते. एकीचा डोळा तिनं डावा वाचला. मी म्हटलं, उजवा.

"फॉर्मात डावा हाय."

"फॉर्मला काय कळतंय? मी होते ना तिथं."

उठून त्या बाईच्या घरी गेले. ती घरातच होती. डावाच निघाला. परत येऊन सुनेला तसं सांगितलं. ती हसली नाही, पण हसू दाबलेलं मला कळलं.

तिनं उत्तरांवरून नवा तक्ता काढला, त्याची आणखी एक प्रत केली आणि त्या प्रतीतच क्रम लावला, या वेळी सगळे रकाने एकत्र धरून. सव्वाचारला यादी गेली. दुसऱ्या दिवशी मुखेडला जाऊन ती झेरॉक्सच्या दुकानातून पेन ड्राइव्हवर एक प्रत घेऊन आली आणि एक कागदावर छापून आणली.

"एवढ्याचं काय लोणचं घालतीस?" मी विचारलं.

"घालीन. पण मूळ तक्त्याला आता बोट लावत न्हाई."

शहाणी झाली. मी तसं तोंडावर म्हटलं नाही.

गाडी आली, आम्ही एकोणीस जणी गेलो. सगळ्यांची ऑपरेशनं झाली. साखर वाढलेली म्हणून मला दोन दिवस जास्त ठेवून घेतलं. दवाखान्यातलं जेवण बरं होतं, वरण पातळ होतं. आता चष्मा लावून चौथीपर्यंत शिकलेलं लिहिता-वाचता येतं.

त्या एकोणीसमधल्या दोघी पुढं म्हातारपणानं वारल्या. बाकी सतरा जणी आहोत.