वरून ओतलेलं पाणी

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार आहेत ते लातूरजवळच्या मुरुडच्या शाळेत मराठी शिकवणाऱ्या आमच्या बाईंचे. कॉलेजचा फॉर्म त्यांनीच आणला, तो भरून घेतला आणि वडिलांची सही घ्यायला स्वतः घरी आल्या. आमच्या घरात तोवर कुणी मॅट्रिकच्या पुढं गेलं नव्हतं.

वडील बौद्ध, सरकारी शिपाई. आई उदगीरकडची लिंगायत. लग्नानंतर तिचं माहेर तुटलं, भाषा तेवढी राहिली. मी तिच्याशी कन्नड बोलायची, वडिलांशी मराठी. आत्या चिडवायची, "पोरगी आमची, बोली तिकडची. हिच्या सासरच्यांनी जयभीम म्हणायचं का आईसारखं शरणू?" सगळे हसायचे. मीही हसायची, कारण दुसरं काय करावं ते सुचायचं नाही.

मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असताना वडिलांची बदली इस्लापूरला झाली. मी कॉलेजसाठी लातूरला एकटी राहिले. लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. नव्या कचेऱ्यांबरोबर कारकून आले आणि भाड्याच्या खोल्या मिळेनाशा झाल्या. त्यात दुष्काळ. खोली मिळाली तरी पाण्याचं काय, हा प्रश्न उरायचाच.

एका घरी विचारायला गेले. घरमालकीण आत वळून सुनेला कन्नडमध्ये म्हणाली, हिला पाणी दे. माझ्या तोंडून सहज निघून गेलं, "ब्याडा, अक्का." नको म्हणाले एवढंच. पण अक्कांचा चेहरा उजळला.

"अगं, आपलीच की तू! मग उंबऱ्यात का उभी? ये आत."

जात कुणी विचारली नाही. मी सांगितली नाही. खोली मिळाली, आणि परसातल्या आडाचं पाणीही.

त्या आडाला अजून पाणी होतं, म्हणून सकाळी गल्ली तिथं जमायची. पलीकडच्या बौद्धवाड्यातला हातपंप आटला होता. तिथल्या बायाही यायच्या, पण दोराला हात लावायचा नाही. घागर ठेवून मागं सरकायचं, घरातलं कुणीतरी वरून ओतायचं. सुनेला दिवस गेले, तेव्हा अक्कांनी ते काम मला दिलं.

मी ओतू लागले. अक्का मागच्या ओसरीवरून बघत असायच्या, म्हणून कळशी जरा उंचच धरायची. एक दिवस त्यांतली एक पोक्त मावशी म्हणाली, "लई उंचावरून वतायलीस, बाई. आमी काय चावतो व्हय?"

बायका हसल्या. मी कळशी खाली केली नाही.

"कुठली गं तू?"

"मुरुडची."

"मुरुडला माझी बहीण दिलीय. कुणाची तू?"

मी तोंड उघडायच्या आत अक्का म्हणाल्या, "आमच्यातलीच हाय ती."

"आसंल," मावशी म्हणाली आणि घागर उचलून गेली.

मी गप्प राहिले. परीक्षा दोन महिन्यांवर होती. खोली गेली तर कॉलेज जाणार, हे मला पक्कं माहीत होतं. चार दिवस तशीच ओतत राहिले. मावशी नुसती घागर ठेवायची आणि माझ्याकडं न बघता मागं सरकायची. माझी आत्या तिथं असती तर तिच्याही घागरीत मी असंच ओतलं असतं.

पाचव्या दिवशी अक्कांना वडिलांविषयी सांगितलं. त्या उठून दार लोटून आल्या.

"तोंड शिवलं होतं का इतके दिवस?" मग हळू आवाजात म्हणाल्या, "परीक्षा होईस्तोवर ऱ्हा. गल्लीत बोलू नको. आडाकडं जाऊ नको. पाणी सून वतंल तुला."

त्यांच्या परीनं ती दयाच होती. खोली, परीक्षा, पाणी, सगळं मिळत होतं. फक्त मी कोण ते सांगायचं नव्हतं.

त्या आठवड्यात बाईंना पाठवलेलं पत्र असं होतं:

आदरणीय बाईंना सविनय जयभीम.

अक्कांची खोली मी सोडली. मागच्या पत्रात लिहिलेल्या मावशींकडं राहते. मी कुणाची ते त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "माहीत हाय. मुरुडास्नं, बहिणीकडनं कवाच कळलं. तू कवा सांगतीस ते बघायलोत." मला वर बघवेना.

इथं सगळं सोपं आहे असं नाही. मावशींची सासू रोज विचारते, तुझी आई अजून कपाळाला इभूत लावती का? लावते, म्हणून मी सांगते. मग ती तोंड फिरवते. एका खोलीत सहा माणसं आहेत. अभ्यास कॉलेजच्या व्हरांड्यात बसून करते.

सकाळी मावशी आणि मी घागरी घेऊन अक्कांच्या परसात उभ्या राहतो. दुसरीकडं पाणी नाही. अवघडलेल्या सुनेला वाकून ओतावं लागतं. अक्का तेवढा वेळ आत जातात.

आईला यातलं काही कळवलेलं नाही. तिच्या भाषेमुळं हे झालं असं तिला वाटेल. गप्प मी राहिले होते, भाषा नाही. ती मुरुडला येईल तेव्हा एवढं तिला समजावून सांगा. मला सांगता येणार नाही.

परीक्षेला बसणार आहे. नवा पत्ता मागं लिहिला आहे.

आपली विद्यार्थिनी