डाव्या पायाचा दोरा

गुलाब ओव्हाळ आमच्या दूध संघात रोजंदारीवर होता. सकाळी राजदूत घेऊन पांदीपांदीनं गावोगावच्या सोसायट्यांतून दुधाचे नमुने आणायचे आणि दुपारी बुलेटवर साहेबांना मागं बसवून डांबरी रस्त्यानं धाराशिव, कळंब फिरवायचं. पांदीत बुलेट रुतायची आणि राजदूतवर साहेबांची कंबर धरायची. म्हणून दोन गाड्या आणि माणूस मात्र एकच. ही वाटणी माझी. मी तिथला कारकून, आणि एकदा कामवाटपाच्या फळ्यावर लिहिलेलं बदलायचा मला कंटाळा.

ज्यांनी गाडी चालवली नाही त्यांच्यासाठी सांगतो. राजदूतचा ब्रेक उजव्या पायाशी, गिअर डाव्या. बुलेटचं नेमकं उलटं. गुलाबचे पाय रोज दुपारी नव्यानं शिकायचे. तो दोनदा माझ्याकडं आला होता.

"भाऊसाहेब, एकच गाडी द्या, कुठलीबी. पाय चुकतोय माझा."

"बघू," मी म्हणालो. संघातली निम्मी माणसं 'बघू'वरच जगत होती.

मग त्यानं स्वतःच तोड काढली. बुलेटला हात लावण्याआधी डाव्या घोट्याला काळा दोरा बांधायचा. दोरा जिथं, ब्रेक तिथं. महिनाभर ठीक चाललं.

एके दिवशी तो दोरा त्याच्या बापानं पाहिला. कोंडिबा म्हणजे छप्पन सालच्या धर्मांतरानंतर बेंबळीतल्या आपल्या वस्तीत घरोघर फिरून गंडेदोरे तोडायला लावणारा माणूस. त्यापायी सख्ख्या बहिणीशी पाच वर्षं अबोला सोसलेला.

"ह्ये काय पायात?"

"आबा, ब्रेकची खूण हाय. दुसरं काय न्हाय."

"आज ब्रेकसाठी, उद्या पोराच्या तापासाठी. लोक खूण बघत न्हाईत गुलाब, दोरा बघतेत."

गुलाबनं दोरा सोडून बापाच्या हातावर ठेवला. ही हकिगत त्यानंच मला सांगितली, हसत. मीही हसलो. फळा तिथंच होता, खडू माझ्या टेबलावर.

शहाऐंशीचा उन्हाळा. विहिरी आटलेल्या, बेंबळीच्या फाट्यावर टँकरभोवती बायांची झुंबड. गुलाब साहेबांना आणायला एकटाच बुलेटवर निघाला होता. सकाळपासून तो राजदूतवर सात गावं फिरून आलेला. त्या बायांतली पुतळाबाई डोक्यावर घागर घेऊन रस्ता ओलांडत होती. गुलाबचा उजवा पाय जोरात दाबला गेला. ब्रेक लागला नाही, गिअर पडला आणि गाडी पुढं उसळली. त्यानं ती खड्ड्यात घातली. बाईला खरचटलंही नाही. गुलाबचा डावा पाय गाडीखाली आला.

धाराशिवच्या दवाखान्यात गेलो तेव्हा कोंडिबा खाटेच्या पायथ्याशी बसला होता. प्लॅस्टरकडं बघत. मुठीत तोच दोरा.

"भाऊसाहेब, म्याच काढला ह्यो," तो म्हणाला. "जलमभर दोरं तोडलं. ह्यो तेवढा ठिवाया पायजे हुता."

म्हातारा चुकला असेलही, पण त्या चुकीमागं त्याची तीस वर्षं होती. माझ्यामागं काय होतं? नुसता आळस. ते त्याला सांगावंसं वाटलं आणि मी सांगितलं नाही. त्याची लाज अजून वाटते.

चार महिन्यांनी गुलाब लंगडत कामावर आला. पाऊल थोडं वाकडंच जुळलं होतं. येताना काळा दोरा बांधून आला होता, ह्या वेळी बापानं स्वतः बांधलेला.

"दोऱ्याचं काम नाही आता," मी म्हणालो. उठलो, फळ्यावरचं बुलेटपुढचं त्याचं नाव पुसलं. अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही.