रिव्हिजन सात, व्यक्ती एक

अरुणकुमार मूळचा बार्शीचा, आणि गेली बावीस वर्षं दोह्यातल्या एका बांधकाम कंपनीत डॉक्युमेंट कंट्रोलर. हे काम नक्की काय असतं ते त्याच्या सासुरवाडीला अजून समजलेलं नाही. तिकडे 'जावई नकाशे सांभाळतात' एवढ्यावर भागतं, आणि ते फारसं चुकीचंही नाही. नकाशा आला की त्याला नंबर द्यायचा, शिक्का मारायचा, सल्लागाराकडे पाठवायचा. तिथून तो कोड घेऊन परत येतो. ए म्हणजे मंजूर, बी म्हणजे शेऱ्यांसह मंजूर, सी म्हणजे सुधारून पुन्हा पाठवा, आणि डी म्हणजे नामंजूर. सुधारलेल्या नकाशावर रिव्हिजनचा पुढचा आकडा पडतो, आणि जिथे बदल केला असेल तिथे भोवती नागमोडी रेघेचा एक ढग काढतात, बघणाऱ्याची नजर थेट तिथे जावी म्हणून. कोड देणारे वेगळे, ढग काढणारे वेगळे. अरुणकुमार मधला. बावीस वर्षांत त्याने स्वतःच्या मनाने एकही कोड दिला नव्हता.

अशा माणसाने बर्फात चालायला जायचं ठरवलं, तर ते कागदावरच ठरणार.

करार मार्चअखेर संपत होता. त्यानंतर बार्शी. त्याआधी एकदा बायकोला, अलकाला, बर्फ दाखवायचा, हे त्याने नोव्हेंबरात मनाशी घेतलं. इथले लोक जॉर्जियाला जातात, विमानाने तीन-साडेतीन तास. पाहुण्यांसाठी लिहिलेली पानं त्याने वाचून काढली. हिवाळा संपतानाचे रस्ते कसे निवडावेत, तीस अंशांच्या वर उतार असेल तर का जाऊ नये, दुपारी बर्फ मऊ होतो म्हणून सकाळी आठलाच का निघावं, उघड्या कड्यापेक्षा झाडीतली वाट का बरी, हे सगळं त्याने एका तक्त्यात भरलं. अंतर, चढ, उतार, वेळ, व्यक्ती. व्यक्तींच्या रकान्यात २.

घोटाळा एकच झाला. स्नोशू म्हणजे बूट, असं समजून तो इंडस्ट्रियल एरियातल्या कंपनीच्या गोडाऊनवर गेला. तिथला स्टोअरकीपर इकबाल रत्नागिरीचा, त्याचा वीस वर्षांचा दोस्त. त्याने शीतगृहातल्या कामगारांचे दोन जोड काढून दिले, आठ नंबर आणि पाच नंबर. वर बजावलं की अरुणभाय, यात पाय गोठला तर मला नको सांगू, वहिनीला सांग.

घरी तक्त्याला जोडलेला फोटो अलकाने पाहिला, तेव्हा उलगडा झाला. बर्फात पाय रुतू नये म्हणून बुटाखाली रुंद चौकटी बांधतात, त्यांना स्नोशू म्हणायचं. त्या तिथेच भाड्याने मिळतात.

"म्हणजे पायाला सुपं बांधून चालायचं," अलका म्हणाली. "धान्य पाखडत पाखडत."

तेव्हापासून त्या घरात स्नोशू हा शब्द संपला. दोह्याच्या मुंतझा भागातल्या, तिसऱ्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांत सुपांच्याच गोष्टी चालू झाल्या. पाच नंबरचे बूट दाराआड जाऊन बसले.

रिव्हिजन शून्य होती अकरा किलोमीटरची, एका डोंगरावरच्या जुन्या चर्चपर्यंत. घरात क्लायंट अलका, तेव्हा कोड तिने द्यायचा. तिने सी दिला. शेरा असा की देवाला भेटायला एवढं चढायचं तर त्यालाच अर्ध्यावर बोलवा. रिव्हिजन एक सात किलोमीटरची झाली. त्या आठवड्यात लिफ्ट बंद पडली, आणि दुसऱ्या मजल्यावर अलका पायरीवर बसली ती दहा मिनिटं उठली नाही. वजन वाढलंय, ती म्हणाली. वजन वाढलेलं नव्हतं.

डिसेंबरात डॉक्टरांनी छातीचा स्कॅन पाहून सांगितलं की फुप्फुसं कडक होत चालली आहेत आणि ती पुन्हा मऊ होत नाहीत. बर्फ तरी दुपारी मऊ होतो, असं अरुणकुमारच्या मनात येऊन गेलं, आणि असली कोटी सुचल्याबद्दल त्याला दिवसभर स्वतःची लाज वाटली.

रिव्हिजन तीन म्हणजे झाडीतली सपाट वाट, तीन किलोमीटर. रिव्हिजन पाच म्हणजे मुक्कामाच्या घरापासून गोठलेल्या ओढ्यापर्यंत, आठशे मीटर. प्रत्येक बदलाभोवती तो इमानाने ढग काढत होता. अलकाच्या बोटाला लावायचं ऑक्सिजन मोजण्याचं यंत्र जिना चढल्यावर आधी ब्याण्णव दाखवायचं, मग अठ्ठ्याऐंशी, मग जिना न चढताही तेवढंच. तो आकडा तो तक्त्यात घेत नव्हता. त्यासाठी रकानाच केला नव्हता. रिव्हिजन सहामध्ये चालणंच नव्हतं. दारापुढच्या बर्फात फक्त उभं राहायचं, दहा मिनिटं, सुपांसकट.

ती रिव्हिजन घेऊन दोघं डॉक्टरांकडे गेले. उंचीवर जायचं नाही, ऑक्सिजनशिवाय विमानसुद्धा नको, डॉक्टर म्हणाले, आणि तक्ता छान केलाय असंही म्हणाले.

फेब्रुवारीच्या शेवटच्या शुक्रवारी सकाळी चहाबरोबर अलकाने एक कागद पुढे सरकवला. त्याच्याच रिव्हिजन एकचा प्रिंट, सात किलोमीटर, झाडीतून वर. कोपऱ्यात पेन्सिलीने 'रिव्हिजन सात' लिहिलेलं. व्यक्तींच्या रकान्यातला २ खोडून १ केला होता, आणि त्याभोवती ढग. ढग कसला, फुगलेली पुरीच.

"हे काय?"

"ढग. बदल केला की काढायचा असतो ना? तुम्हीच शिकवलंत."

"बदल कुणी मंजूर केला?"

"क्लायंट मी आहे." बोलताना ती मध्येच थांबली, श्वास घेतला. "तुम्ही जाऊन या. मार्चमध्ये बर्फ जाईल, मग बार्शीला कुठला बर्फ? आल्यावर एवढंच सांगा, पाऊल टाकल्यावर आवाज कसा येतो. व्हिडिओत नुसता वाराच ऐकू येतो."

अरुणकुमारने खिशातलं लाल पेन काढलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याने स्वतःच्या हाताने एक कोड लिहिला. डी.

त्याला वाटलं होतं ती हसेल. ती हसली नाही. कागद उचलून आत गेली. दुपारी भाकरी मोडता मोडता म्हणाली, "मी मागितलेली एकच गोष्ट होती. तीही तुम्ही माझ्यासाठी नको म्हणालात. तुमच्यासाठी नको म्हणाला असतात, तर चाललं असतं."

दोन्ही एकच आहे, असं त्याला म्हणायचं होतं, पण ते खरं आहे का याची त्याला खात्री नव्हती.

मार्च लागला. तिकडे बर्फ भुसभुशीत झाल्याच्या, वाटा बंद केल्याच्या सूचना फोनवर येऊ लागल्या. त्या त्याने बंद केल्या. इकबाल येऊन आठ नंबरचे बूट परत घेऊन गेला. पाच नंबरचे वहिनींकडे राहू देत म्हणाला, आणि दोघांकडेही न बघता जिना उतरला.

त्यानंतरच्या शनिवारी अलका आपणहून म्हणाली, चला, बागेत जाऊ. अरुणकुमारने बर्फासाठी घेतलेल्या दोन काठ्यांपैकी एक तिच्या हातात, छोटं ऑक्सिजनचं यंत्र त्याच्या खांद्यावर. मुंतझातल्या बागेला एक फेरी मारायचं ठरलं होतं. तिसऱ्या बाकापाशी ती बसली. पुढे जाणं झालं नाही. बाकासमोरच्या खडीवरून एक बाई मुलाची गाडी ढकलत गेली. करकर वाजली.

"असाच येत असेल का हो आवाज?"

"असेल," तो म्हणाला. दोघांपैकी कुणालाच माहीत नव्हतं.

इमारत उभी राहिली की शेवटचा एक नकाशा काढतात. ठरलं काय होतं ते त्यात नसतं, प्रत्यक्षात काय बांधलं गेलं तेच असतं. अरुणकुमारने घरी येऊन तो काढला. अंतर एकशे चाळीस मीटर, चढ शून्य, बर्फ नाही, व्यक्ती २. त्या दोनाभोवती त्याने जपून ढग काढला आणि कागद मंजुरीसाठी अलकापुढे ठेवला.

तिने तो वाचून उशाशी ठेवला. कोड काही दिला नाही. "राहू दे," म्हणाली, "सावकाश देते."

चौदा दिवसांत उत्तर आलं नाही तर स्मरणपत्र धाडायचं, हा अरुणकुमारच्या खात्याचा नियम. बावीस वर्षांत तो त्याने एकदाही चुकवला नव्हता. पंधरावा दिवस उजाडला, सोळावा उजाडला. कागद तिच्या उशाशी तसाच होता, आणि त्याने काही विचारलं नाही.